माहेरच्या रजिस्टरातली नोंद

५ जानेवारी, सोमवार

वडगावला झेरॉक्सच्या दुकानात टेबल मांडून आज दोन महिने झाले. पाटीवर लिहिलं आहे, ‘जुन्या नोंदी शोधून मिळतील. जन्म, मृत्यू, शाळा, फेरफार.’ दुकानाचा मालक पप्पू म्हणतो, “ताई, ‘मिळतील’ नको, ‘मिळवून देऊच’ लिहा. गिऱ्हाइकाला दम वाटतो.” मी बदललं नाही. नोंदच नसली तर कुठून मिळवून देणार?

आज निलेश नावाचा माणूस आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पवनेकडचा. गाव तिकोना गडाच्या पलीकडे, धरणाच्या काठी. (गावाचं नाव या वहीतसुद्धा लिहीत नाही. वही कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.) जात पडताळणीसाठी भावकीची वंशावळ हवी म्हणाला. “खापरपणज्यापासून काढा. आणि अमृतदादाची शाखा जरा नीट. बायकापोरांसकट.”

मी विचारलं, “पडताळणीला लहान मुलांच्या नोंदी कशाला लागतात?”

“मॅडम, अर्धी वंशावळ देऊन माघारी यायचं का? करायचं तर पूर्ण करायचं.”

हे मला पटलं. अर्धवट कागदाचा मलाही तिटकारा आहे. बाबा नगरपरिषदेत बत्तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या टेबलावर होते. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आईनं गणित घेतलं आणि बाबांनी बाकी सगळं. ते रद्द झालेले फॉर्म घरी आणायचे आणि माझ्याकडून भरून घ्यायचे. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला ‘मयताचे नाव’ वाचता येत होतं. एखादा रकाना उगाच भरला तर ते फॉर्म फाडायचे. ओरडायचे नाहीत, नुसते फाडायचे.

निलेशनं अधिकारपत्र लगेच लिहून दिलं. इतकं तयार गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळालं.

८ जानेवारी, गुरुवार

कामशेतहून वडापच्या जीपनं निलेशच्या गावी गेले. आधी ग्रामपंचायतीचं जन्म रजिस्टर बघितलं. निलेशच्या आजोबांपासूनच्या नोंदी सापडल्या, पण अमृत यांच्या मुलांचा पत्ता नाही. ग्रामसेवक म्हणाले, “या घराचं आधीही कुणीतरी बघून गेलंय. इथं काही नाही.”

बघून जाणाऱ्याला ठाऊक नसणार. बाळंतपण माहेरी होतं आणि नोंद बाळ जिथं जन्मतं तिथं होते. ज्याच्या त्याच्या गावात शोधून निम्मी मुलं सापडतच नाहीत. म्हणून मी बाईला आधी माहेर विचारते. ही माझी एकटीची युक्ती आहे, बाबांनाही सुचली नव्हती.

मग अमृत यांच्या घरी गेले. त्यांची बायको सारिकाताई अंगणात पाच-सहा बायकांशी बोलत होत्या. चाळिशीच्या आतल्या, मोठ्या आवाजाच्या.

“वंशावळ? कुनी सांगितली?”

“भावकीतूनच,” मी म्हणाले. गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं.

“बरं झालं. आमच्या भावकीला कोन कुनाचं ते एकदा लिवूनच द्या,” त्या म्हणाल्या आणि बायका हसल्या. दोन मुलं सांगितली. मुलगा तळेगावला आयटीआयला, मुलगी बारावीला. माहेर नाणे मावळातलं.

शेजारच्या दारात त्यांच्या मोठ्या जाऊबाई शालूबाई राहतात. नवरा लोणावळ्यात एका बंगल्यावर पहारेकरी, आठवड्यातून एकदा येतो. त्यांनी चहा दिला. त्यांना एकच मुलगी, दहावीत. “लय उशिरा दिली देवानं. पन दिली,” म्हणून त्या मुलीची वेणी घालत बसल्या. वेणी घालून झाली होती, तरी सोडून परत घालत होत्या. मुलगी सारिकाताईंना काकी म्हणते. काकीनं वाटीभर चटणी तिच्या हातात दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही. जावाजावांत काहीतरी बिनसलेलं असावं.

मुलीचंही नाव लिहीत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

सापडलं! सारिकाताईंच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत कपाटावरचं गाठोडं उतरवून घेतलं. २००६, मुलगा. २००८, मुलगी. पुढचं पान उगाच उलटलं नाही, सवयीनं उलटलं. २०१० मध्ये अजून एक नोंद. मुलगी. आई सारिका, वडील अमृत, गाव तेच.

क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. मग आठवलं. त्यांनी मला दोनच मुलं सांगितली होती. तिसरं गेलं असणार. आणि मी पेन काढून “अजून कुणी?” असं विचारलं होतं, दुकानदार विचारतो तसं.

१३ जानेवारी, मंगळवार

मृत्यूचं रजिस्टर बघितल्याशिवाय वंशावळीत ‘मयत’ लिहिता येत नाही. सकाळी त्यांच्या माहेरी, दुपारी सासरी, दोन्हीकडे २०१० ते २०१८ बघितलं. नाही. गावच्या ग्रामसेवकांनी विचारलं, “मॅडम, एवढं सगळं पडताळणीला लागतं?” मी हो म्हणाले, पण लागत नाही हे मलाही ठाऊक आहे.

जन्म आहे आणि मृत्यू नाही. मग मूल कुठे आहे? घरी ताटातला भात नुसता चिवडला. आईला वाटलं दमा उपटलाय. वाफ घ्यायला लावली.

१५ जानेवारी, गुरुवार

निलेशला बारा पानांची वंशावळ दिली. तो तिळगुळाचा पुडा घेऊन आला होता. तिसऱ्या मुलीपुढे मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि खाली टीप लिहिली होती, ‘मृत्यूनोंद आढळली नाही.’ ती समजावून सांगायला लागले तर म्हणाला, “ते असू द्या. पान नंबर किती? रजिस्टर कोणतं?” मी सांगितलं. त्यानं हातावर लिहून घेतलं.

“ताई, लोकांनी दोन महिने शोधलं. तुम्ही एका आठवड्यात काढलं. मानलं!”

तो गेल्यावर बघते तर बारा पानं टेबलावरच. खापरपणज्याची मोडीतली नोंद वाचायला मला दोन दिवस लागले होते. उद्या फोन करून सांगते.

१६ जानेवारी, शुक्रवार

निलेश फोन उचलत नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पप्पू हसला. “कशाला उचलतील आता? त्यांची मंडळी उभी राहतीये सरपंचाला. महिला राखीव आहे ना. समोर ती सारिकाबाई. निवडून यायची म्हणतात.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्या वडगावला माहितीये. ताई, तुम्ही नोंदीतून मान वर काढली तर कळंल ना.”

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “तिसरं कोणत्या सालचं?”

“दोन हजार दहा.”

त्यांनी घास ताटात ठेवला. “तिसरं अपत्य. अर्ज बाद होतो. हे तुला ठाऊक नाही?”

ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्या नोंदीकडे वंशावळीतला एक रकाना म्हणून बघत होते, तिचा असा उपयोग होईल हे डोक्यातच आलं नाही. हे लिहितानाही ते सबबीसारखं दिसतंय.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, “त्या घरात कुणाला मूल नव्हतं का गं?”

मला शालूबाईंचा हात दिसला. सोडून परत घातलेली वेणी दिसली.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी निलेशचा फोन आला. आवाज गोड. “सोमवारी अर्जाचा शेवटचा दिवस. तिला भरू द्या. मंगळवारी छाननीला उठतो आणि सगळ्यांदेखत पान वाचतो. तोवर कुणापाशी बोलू नका.”

“निलेशराव, त्या घरात एक मुलगी आहे. दहावीत.”

“आमी कुठं मुलीचं काय म्हणतोय? आमी नोंदीचं म्हणतोय. तुम्हीपण नोंदीचंच बघा.”

फोन ठेवल्यावर कागदावर दोन बाजू लिहिल्या. एका बाजूला: नोंद खरी आहे. ती सरकारी आहे, मी चोरलेली नाही. मी नसते तर दुसऱ्या कुणी शोधली असती. गिऱ्हाइकाचं काम बाहेर बोलायचं नसतं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ: त्या मुलीला हे शंभर माणसांसमोर कळेल. पहिल्या बाजूला अजून लिहिता आलं असतं. कागद फाडला.

बाबा म्हणाले, “जाऊन सांग त्यांना. वाचवता येईल तेवढं वाचवतील.”

जायचं ठरवलं. मग वाटलं, निलेशच्या पाठीमागे जाणं हीसुद्धा फसवणूकच. त्याला संदेश पाठवला, ‘तुमचं काम मी पुढे करणार नाही. पैसे परत पाठवले आहेत. उद्या सकाळी मी सारिकाताईंना नोंदीबद्दल सांगायला जाणार आहे.’

बाबांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. “अपूर्वा, हे कळवायला तुला कुणी सांगितलं होतं?”

निलेशचे सहा फोन येऊन गेले. एकही उचलला नाही. आता तो माझ्या आधी त्या घरी पोचला तर?

१८ जानेवारी, रविवार

पहिल्या वडापनं गेले. निलेश पोचला नव्हता. अंगणात मुलगी भांडी घासत होती. तिनं काकीला हाक मारली आणि सारिकाताई बाहेर आल्या. आत चला म्हणाले तर म्हणाल्या, “हितंच बोला की. माजं काय झाकलेलं न्हाई.”

“आत बोलू,” मी परत म्हणाले. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. मुलीला दळण घेऊन गिरणीत पाठवलं आणि शालूबाईंना बोलावलं.

मी सगळं सांगितलं, माझी युक्तीसुद्धा. सारिकाताई उठून उभ्या राहिल्या. “म्हंजी त्या दिवशी चा पिऊन गेलीस ते ह्याच्यासाठी? माज्या म्हायेरी जाऊन माजी बाळंतपनं मोजलीस?”

“हो.”

“आणि तोंड वर करून सांगायला आलीस!”

शालूबाई म्हणाल्या, “आगं, सांगायला आली तरी. न्हाईतर मंगळवारी कळलं असतं.”

सारिकाताई खाली बसल्या. मग त्या माझ्याशी नाही, जावेशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “बारशाच्या दिशी हिच्या ओटीत घातली. पाच बायांदेखत. पोटात व्हती तवाच ठरल्यालं. माजी दोन आन हिची एक. दिलेलं लेकरू माज्यात कसं मोजत्याल?”

“कायद्यात जन्म मोजतात, ताई. कुणाकडे वाढली ते नाही.”

“मग कायद्यानं येऊन दूध पाजायचं व्हतं.”

शालूबाई रडत नव्हत्या. नुसत्या दाराकडे बघत होत्या, गिरणीच्या वाटेकडे. “सारे, तू फारम भरू नको. त्यो तितं वाचंल. पोरीला कळंल. मला दुसरं काय नको.”

“आन निलेशची बाय बसू दे खुर्चीत? टँकर तिच्या दारात आन आपन हंडे घेऊन रांगंत?”

“बसू दे.”

“न्हाई बसू द्यायची,” सारिकाताई म्हणाल्या. एकदम जावेकडे वळल्या. “तू भर.”

“मी? मला चार मान्सांत बोलता येतं का?”

“तुला बोलायचं न्हाई, तुला बसायचंय. बोलायला मी हाय की.”

शालूबाईंना हसू आलं, मग दोघींनाही. मला हसावं की नाही कळेना. सारिकाताईंनी मला दरडावलं, “तू काय बगतीस? तुला कागूद समजत्यात ना? उद्या वडगावला फारम तू भरायचा. एवडं केलंस, आता तेवडं कर.”

निघताना शालूबाईंनी माझं मनगट धरलं. “पोरीला कळता कामा न्हाई, बाय.”

मी हो म्हणाले. आता घरी बसून विचार करते आहे की हे मी कशाच्या भरवशावर म्हणाले.

१९ जानेवारी, सोमवार

तहसील कचेरीत सकाळपासून रेटारेटी. शालूबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि प्रत्येक शिपायाला नमस्कार करत होत्या. “आक्का, त्यो चा वाला हाय,” सारिकाताई म्हणाल्या. मुलगीही आली होती. आईची कागदपत्रं एका पिशवीत छातीशी धरून. ती येणार हे मला माहीत नव्हतं.

“शाळा?” मी विचारलं.

“आईला नंबर वाचता येत न्हाई रांगंतला,” ती म्हणाली.

बाकावर बसून मी अर्ज भरायला घेतला. नाव, वय, यादीतला क्रमांक. मग घोषणापत्र. त्यात अपत्यांची संख्या लिहायची असते. माझा पेन थांबला. माझ्या पिशवीत त्या पानावरची नोंद उतरवून घेतलेली माझी वही होती. आई सारिका, वडील अमृत. मुलगी माझ्या डाव्या खांद्यामागे उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. रांग पुढे सरकत होती. शालूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या, “एक.”

मी ‘एक’ लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी रजिस्टरात बघितलेलं सोडून दुसरंच काहीतरी लिहिलं. खाली मुलीची जन्मतारीख. “एक जून,” शालूबाई म्हणाल्या. शाळेत तीच लावली आहे. मी तीही लिहिली. सही त्यांनी एकेक अक्षर जोडत केली, पण अक्षर चांगलं आलं.

निलेश व्हरांड्यात होता. सारिकाताईंच्या हातात अर्ज नाही हे त्यानं बघितलं, शालूबाईंच्या हातातला बघितला, मग मला. “काय ताई, पक्ष बदलला का?”

“मी कुठल्याच पक्षात नव्हते.”

“मग आता आलात. तुमच्या टेबलावर आता कोण येतंय बघतो.”

तो बघेल, यात शंका नाही. पण शालूबाईंच्या अर्जाविरुद्ध त्या पानाचा त्याला काही उपयोग नाही. घरी बाबा म्हणाले, ओटीत घालणं हेही देणंच, त्याला कागद लागतोच असं नाही, म्हणजे ‘एक’ हे खोटं नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. उद्या कुठंतरी वाचून बघते.

त्याआधी स्टँडवर घडलं ते लिहायचं राहिलं. जावा भजी आणायला गेल्या आणि आम्ही दोघी पिशव्या सांभाळत उभ्या राहिलो. मुलगी समोर बघत म्हणाली, “तुमी घाबरू नका. मला ठाऊक हाय.”

“काय?”

“तिसरीत व्हते तवापासून. एका पोरीनं भांडताना सांगितलं. सगळ्या गावाला ठाऊक हाय, ताई.”

“निलेशला?”

“त्यालाबी. त्याला कागूद पायजे व्हता.”

मी पंधरा दिवस ज्याचा शोध लावत होते ते अख्ख्या गावाला माहीत होतं. नव्हतं ते फक्त वडगावच्या कचेरीला. ते मी आणून दिलं. मी तिला म्हणाले, मला माफ कर. ती म्हणाली, “काकीला म्हना ते. पन आईला सांगू नका, मला ठाऊक हाय म्हून. तिला वाटतंय मला ठाऊक न्हाई. वाटू द्या.”

भजीच्या गाड्याशी दोघी कशावरून तरी भांडत होत्या. मुलीनं तिकडे एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला.

“तुमी ते रजिस्टर बगितलंय ना? आमच्या वर्गात अकरा जनांची एक जूनच हाय. गुर्जींनी लावलेली. माजी तितं कोनती हाय?”

कुणाच्या परवानगीनं सांगायचं, असा प्रश्न मला पडला नाही. “नऊ मार्च.”

“नऊ मार्च,” ती म्हणाली. परत एकदा ओठांतल्या ओठांत म्हणाली. मग तोंड वाकडं केलं. “म्हंजी वाढदिस दहावीच्या पेपरातच आला की!”

एसटी लागली. शालूबाईंनी तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः तिच्या कडेला बसल्या. गाडी सुटता सुटता तिनं खिडकीतून मान बाहेर काढली, आईकडे एकदा बघितलं आणि मला नुसत्या ओठांनी विचारलं, “वार?”

रजिस्टरात वार नसतो. घरी येऊन कॅलेंडर लावून बघितलं. मंगळवार होता. तिच्याकडे फोन नाही, आणि शालूबाईंच्या फोनवर पाठवता येणार नाही.